पेन्सिलीची नोंद

आजची गोष्ट माझ्या राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. मधे मुंबई, कानपूर, अमेरिका आणि उत्तरेकडची एक छावणी असा फेरा मारून येऊ.

मी बंगळुरात यशवंतपूरला राहतो. पुण्याहून आगगाडीने येणाऱ्यांना हे स्टेशन ठाऊक असेल. ज्यांना स्टेशन ठाऊक नाही त्यांना कांदा ठाऊक असतो. इथल्या मार्केट यार्डात नगर-नाशिकच्या कांद्याचे ट्रक उतरतात आणि पहाटे फिरायला निघालो की ‘घे घे, मागं घे, बास’ असं खणखणीत मराठी कानावर पडतं. एका अंगाला पीनियाचे कारखाने, जवळच चंदनाच्या साबणाचा जुना सरकारी कारखाना, डोक्यावरून मेट्रो, आणि दुसऱ्या अंगाला भारतीय विज्ञान संस्थेचं झाडीने भरलेलं आवार. जुनी माणसं त्या संस्थेला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात.

आमच्या तळमजल्यावर एका आर्किटेक्टबाईंचं ऑफिस आहे. मूळच्या बेळगावच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला काका म्हणतात, मी त्यांना एकेरीत हाक मारतो, म्हणून इथेही ‘ती’च म्हणेन. संध्याकाळी चहाच्या वेळी मी तिथे जाऊन बसतो. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं ऑफिस फार आवडतं. चार संगणक, प्रत्येकाला दोन पडदे, कोपऱ्यात प्लॉटर. वीज गेली की यूपीएस टीं-टीं करतो आणि सगळे एका सुरात विचारतात, ‘सेव्ह केलंस का?’ त्यांची भाषा ऐकण्यासारखी असते. ‘ही भिंत ट्रिम मार’, ‘इथून दोनशेतीसचा ऑफसेट घे’, ‘जिना मिरर कर’. बांधायचा प्लॉट बहुधा बंगळूरचा ठरलेला तीस बाय चाळीस. गिऱ्हाईक फुटांत बोलतं, नकाशा मिलिमीटरमध्ये निघतो, मंजुरीचा अर्ज मीटरमध्ये भरायचा, आणि गवंडी ‘एक वीट’, ‘अर्धी वीट’ असं मोजतो. ही चार मापं दिवसभर डोक्यात फिरवणं हीच तिची खरी कसरत. संगणक त्यातलं निम्मंच करतो.

गेल्या वर्षी तिच्याकडे मल्लेश्वरममधल्या एका जुन्या घराचं काम आलं. घर पाडायचं नव्हतं, वर एक मजला चढवायचा होता. आहे त्या घराचा नकाशा आधी तयार करायचा होता. दोन मुलं टेप आणि लेसर घेऊन गेली, दोन दिवसांनी नकाशा पडद्यावर आला. मी चष्मा वर करून पाहत होतो. सगळे कोपरे नव्वद अंशांचे. शंभर वर्षांचं घर आणि एकही भिंत तिरकी नाही! मागच्या भिंतीवर बोट ठेवून मी विचारलं, “ही मोजली का?”

मुलगा म्हणाला, “नाही अंकल, तिकडे मोठं कपाट होतं. पुढच्या भिंतीवरून अंदाजे घेतली.”

“मग ही रेष मोजलेल्या रेषेसारखीच कशी?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या दृष्टीने प्रश्नाला अर्थ नव्हता, कारण रेष ही रेषच असते. पण मी घरी आल्यावर रात्री बराच वेळ जागा होतो. का, ते पुढे सांगतो. आधी इतिहास.

मी रोज पहाटे ज्या विज्ञान संस्थेच्या बाजूने फिरतो तिची स्थापना १९०९ची. १९११मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी, चौथ्या कृष्णराज वोडेयरांनी, मुख्य इमारतीची कोनशिला बसवली. करड्या दगडाची, मधोमध उंच मनोरा असलेली ती इमारत तुम्ही चित्रात पाहिली असेल. तिचा वास्तुकार मुंबईचा, सी. एफ. स्टीव्हन्स. त्याचे वडील एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स म्हणजे बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस आणि समोरची महापालिकेची इमारत उभारणारे. आता विचार करा, वास्तुकाराचं कार्यालय मुंबईत, दगड घडवणारे पाथरवट बंगळुरात, आणि दोघांच्या मधे फक्त कागद. टेलिफोनवर ‘जरा उजवीकडे घ्या’ म्हणायची सोय नव्हती. म्हणून कागदाने सगळं बोलायला हवं.

आणि तो कागद बोलत असे. त्या काळचे महत्त्वाचे नकाशे कागदावर नाही, कापडावर काढत. खळ चढवलेलं, घोटून गुळगुळीत केलेलं तलम कापड. त्यावर शाईने काढलेली रेष शंभर वर्षं टिकते. मी स्वतः हाताळली आहे. त्यावरून निळ्या प्रती काढत. ही निळ्या छपाईची युक्ती सर जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२मध्ये शोधली होती. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा. पुढे अमोनियाच्या प्रती आल्या, पांढऱ्यावर जांभळट रेषा, आणि त्या खोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी.

आता माझी ओळख थोडी द्यावी लागेल. मी सैन्याच्या इंजिनिअर दलात होतो. लढाईत आमचं काम पूल, सुरुंग, रस्ते. पण शांततेच्या काळात आम्हाला एमईएसमध्ये धाडतात, म्हणजे छावण्यांची घरं, पाणी, वीज, गटारं सांभाळणारं खातं. १९२३पासूनचं. मी तिथे तरुण कप्तान म्हणून गेलो तेव्हा ड्रॉइंग ऑफिस हे वेगळंच जग होतं. उंच तिरपी टेबलं, टी-स्क्वेअर, मिनी ड्राफ्टर, दाढीचं ब्लेड. ब्लेड कशाला? चुकलेली शाई खरवडायला. ट्रेसिंगवर एकाच जागी एकदा खरवडता येतं, दुसऱ्यांदा जपून, तिसऱ्यांदा भोक पडतं. त्यामुळे आमचे चीफ ड्राफ्ट्समन रेष मारण्याआधी हनुवटीवर हात ठेवून बसत. मला वाटायचं, म्हातारा डुलक्या घेतोय.

पेनं जर्मन, रोटरिंगची. ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर. हे आकडे वेडेवाकडे वाटतात, पण प्रत्येक पेन मागच्याच्या साधारण १.४ पट जाड आहे, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकं. आपल्या ए-वन, ए-टू कागदाच्या बाजूंचं गुणोत्तरही तेच. त्यामुळे मोठा नकाशा लहान करून छापला की ०.५ची रेष बरोबर ०.३५ची होते आणि त्याच पेनाने त्यावर दुरुस्ती करता येते. सकाळी सुकलेली पेनं पाण्याखाली धरून हलवायची, ‘टिक टिक’ आवाज आला की पेन जिवंत. पावसाळ्यात अर्धा तास यातच जाई. तेव्हाच्या कष्टांचं मला कौतुक नाही, हे स्पष्ट सांगतो. एक दरवाजा हलला की अख्खा नकाशा पुन्हा काढताना माणसं मी पाहिली आहेत. त्यात डोळे जात, कंबर जाई.

पण एक गोष्ट होती. शाईची रेष म्हणजे पक्की गोष्ट. तुटक रेष म्हणजे झाकलेली किंवा मानून घेतलेली. आणि पेन्सिल म्हणजे ‘असं कळलंय, अजून तपासलेलं नाही’. नकाशाच्या खालच्या चौकटीत तीन सह्या: काढला कोणी, ट्रेस केला कोणी, तपासला कोणी. कागद हातात घेतला की मजकुराबरोबर त्याची खात्री किती, हेही दिसे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. हाताच्या सवयीत होतं.

आता संगणकाकडे. १९६३ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाच्या तरुणाने ‘स्केचपॅड’ या कामावर डॉक्टरेट मिळवली. टीएक्स-२ नावाच्या खोलीभर यंत्रासमोर बसून तो प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेषा काढायचा. यंत्राला सांगता यायचं, की या दोन रेषा समांतर हव्यात, या दोन काटकोनात हव्यात. हाताने कशाही वाकड्या काढा, यंत्र त्या खेचून सरळ करायचं. चित्रफीत आजही पाहायला मिळते, पाहाच. जादू वाटते. आजच्या सगळ्या डिझाइन सॉफ्टवेअरचं मूळ तिथे आहे, आणि मल्लेश्वरमच्या त्या सगळ्या नव्वद अंशांच्या कोपऱ्यांचंही.

त्याच १९६३मध्ये आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला. त्या संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. हे गृहस्थ तरुणपणी काही काळ आमच्या इथल्या विज्ञान संस्थेतच शिकवत होते, मग मुंबईला व्हीजेटीआयमध्ये गेले, मग मुंबई आयआयटीच्या उभारणीत आणि तिथून कानपूरला. आणि कानपूरच्या आवाराचा आराखडा करणारा वास्तुकार कोण? अच्युत कानविंदे. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे.चे विद्यार्थी, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकून आलेले. उघडं काँक्रीट, विटा, सावलीतून जाणाऱ्या लांब पडव्या. भारतातल्या संगणक शिक्षणाची एक पहिली मोठी शाळा ज्या आवारात भरली, ते आवार एका कोकणी माणसाच्या कार्यालयात टी-स्क्वेअरने आखलं गेलं. संगणकाचं घर हाताने काढलेलं, असा तो काळ होता. आणि त्या दोन मराठी माणसांचं नाव आपण या संदर्भात कधी घेत नाही, म्हणून मुद्दाम थांबलो.

यानंतर वीस वर्षं ही यंत्रं मोठ्या कंपन्यांपुरतीच होती. विमानं, मोटारी, चिपा. १९८५मध्ये बंगळुरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली तीही चिपांची रचना करण्याच्या कामासाठी. घर बांधणाऱ्या आर्किटेक्टला हे परवडणारं नव्हतं. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचवली ऑटोकॅडने. जॉन वॉकर आणि त्याच्या सोबत्यांनी, माइक रिडल याच्या आधीच्या एका प्रोग्रॅमवर काम करून, १९८२च्या अखेरीस लास व्हेगासच्या कॉम्डेक्स प्रदर्शनात तो मांडला. किंमत हजार डॉलरच्या आसपास, आणि चालणार टेबलावरच्या छोट्या संगणकावर. त्याच साली तिकडे कम्युनिस्ट हंगेरीत, बुडापेस्टला, गाबोर बोयार या माणसाने ग्राफिसॉफ्ट कंपनी काढली. त्यातून पुढे आर्किकॅड निघालं. त्यांचं सुरुवातीचं एक काम पाक्श इथल्या अणुवीज केंद्राच्या नळांचं त्रिमितीय चित्र करण्याचं. नळ! हा शब्द लक्षात ठेवा.

आपल्याकडच्या आर्किटेक्टांच्या ऑफिसांत हा काळा पडदा नव्वदच्या दशकात आला. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवेल: संगणक एकच, त्याला वेगळी एसी खोली, बाहेर चपला काढायच्या, आणि आत एक ‘ऑपरेटर’. साहेब पेन्सिलीने काढून आत देणार, ऑपरेटर ते यंत्रात घालणार. चित्र मोठं-लहान केलं की यंत्र पुन्हा सगळं काढायला घेई, तेवढ्यात चहा होई. सायबानं यंत्राला हात लावला तर ऑपरेटरच्या चेहऱ्यावर चिंता. ज्येष्ठ आर्किटेक्ट बहुतेक शेवटपर्यंत त्या खुर्चीत बसले नाहीत. आणि ड्राफ्ट्समन? काही शिकले आणि तरले. काहींचा हात इतका सुंदर होता की त्यांना माऊस धरणं अपमान वाटला, ते गेले. आमचे चीफ ड्राफ्ट्समन यंत्र यायच्या आधीच निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

आता ती रात्र का जागून काढली, ते सांगतो.

१९९७. उत्तरेकडची एक छावणी. नाव सांगणार नाही. मी तिथे छावणीच्या बांधकामांचा प्रमुख होतो. आमच्याकडे दोन संगणक आले होते आणि वरून आदेश होता की जुने नकाशे त्यात घ्या. आदेश योग्यच होता. कापडी नकाशांना वाळवी लागायला लागली होती. मी दोन जवान आणि एक कंत्राटी मुलगा या कामाला लावला. मुलगा हुशार, हात चालणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “सर, यावर पेन्सिलीचे बरेच डाग आणि गिचमीड आहे. ते घ्यायचं का?” मी पाहिलं. खरंच गिचमीड होती. मी म्हणालो, “पेन्सिल सोड. शाईचं तेवढं घे.” मला वाटलं, मी व्यवहारी निर्णय घेतला.

तीन महिन्यांनी काम झालं. काय देखणे नकाशे! पाणी निळं, वीज लाल, गटार तपकिरी, प्रत्येकाचा वेगळा लेयर. वरचे अधिकारी पाहायला आले तेव्हा मी एक एक लेयर बंद-चालू करून दाखवला. कौतुक झालं. खाली सही माझी.

डिसेंबरात पाण्याचा मोठा नळ फुटला. थंडी, धुकं, इस्पितळाचं पाणी बंद. मी नव्या नकाशाची प्रत हातात घेतली, विजेची केबल रस्त्याच्या दक्षिणेला आहे हे पाहिलं, आणि उत्तरेला खणायला सांगितलं. वीज बंद करायची गरज नव्हती, कारण केबल तिकडे नव्हतीच. पहाटे सव्वापाचला टिकाव केबलवर बसला.

जिवावरचं बोटावर निभावलं असं आपण म्हणतो. इथे ते शब्दशः झालं. सातारकडचा एकवीस वर्षांचा जवान होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तळवा भाजला. तो वाचला. पुढे त्याला दुसरं काम दिलं गेलं, नोकरी राहिली, पण तो ज्या कामासाठी सैन्यात आला होता ते काम संपलं.

चौकशी बसली. जुना कापडी नकाशा काढला. शाईची लाल रेष दक्षिणेलाच होती. पण तिच्या शेजारी, बारीक उतरत्या अक्षरात, पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलं होतं की केबल रस्त्याच्या उत्तरेला हलवली, मोजमाप घेतलेलं नाही. खाली आद्याक्षरं आणि साल, १९६२. ते साल सैन्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. घाई असणार. मोजायला वेळ नसणार. पण त्या अनोळखी माणसाने, जे माहीत होतं ते आणि जे माहीत नव्हतं तेही, दोन ओळींत लिहून ठेवलं होतं. पस्तीस वर्षं ती नोंद तिथे होती. तिला मी गिचमीड म्हणालो.

चौकशीत मी ‘मुलाने सोडलं’ म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही, कारण तसं नव्हतं. माझ्या नावावर ताशेरा आला, योग्य आला. त्या मुलाला मात्र मी हे नीट समजावून सांगायचं राहिलं. तो कंत्राट संपवून गेला, आणि त्याच्या मनात काय राहिलं असेल हे मला आजही टोचतं.

यात संगणकाचा दोष काय? काहीच नाही, असं बरेच जण म्हणतील, आणि मी त्यांच्याशी अर्धा सहमत आहे. सोडायला मी सांगितलं होतं. पण अर्धा नाही. कारण पेन्सिलीची ती नोंद घ्यायची ठरवली असती, तरी त्या मुलाने ती कशी दाखवली असती? त्याच्याकडे रंग होते, जाडी होती, तुटक रेष होती. पण केबलची जी रेष त्याने काढली असती ती यंत्रात आठ दशांश स्थळांपर्यंत नेमकी झाली असती. यंत्राला ‘इथे कुठेतरी’ म्हणता येत नाही. हाताला येतं. हात नुसता थरथरला तरी ते कळतं.

हा प्रश्न एकट्या माझा नव्हता हे मला फार उशिरा समजलं. २००२ साली अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने जमिनीखालच्या नळ-केबलींच्या नकाशांसाठी एक मानक काढलं. त्यात प्रत्येक रेषेला दर्जा द्यायचा. सर्वांत खालचा ‘डी’, म्हणजे जुन्या कागदांवरून घेतलेली. ‘सी’, जमिनीवर दिसणाऱ्या झाकणं-खांबांशी ताडून पाहिलेली. ‘बी’, यंत्राने जमिनीवरून शोधलेली. आणि ‘ए’, प्रत्यक्ष खणून, डोळ्यांनी पाहून मोजलेली. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या पेन्सिलीची आठवण झाली. माझ्या नकाशावरची केबल ‘डी’ होती, आणि मी ती ‘ए’ समजून माणसं खड्ड्यात उतरवली.

इमारतींच्या बाबतीतही असंच झालं. २००० साली रेव्हिट नावाचं सॉफ्टवेअर आलं, २००२मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. त्यात रेषा नसतातच म्हणा ना. त्यात भिंत म्हणजे भिंत: तिला जाडी आहे, वीट आहे, गिलावा आहे. खिडकी एका ठिकाणी बदलली की सगळ्या नकाशांत आपोआप बदलते. मी अमोनियाच्या खोलीत डोळे चोळलेला माणूस, मला याचं महत्त्व कोणी शिकवायला नको. पण तळमजल्यावरची आमची आर्किटेक्ट काय म्हणते ऐका: “काका, मला अजून ठरवायचं असतं की इथे भिंत हवी की नुसता पडदा. आणि हे मला पहिल्याच दिवशी विचारतं, किती जाड, कसली वीट? मी काहीतरी टाकते. मग ते ‘काहीतरी’ पुढे जातं, इस्टिमेटमध्ये मोजलं जातं, आणि सहा महिन्यांनी मलाच वाटतं की मी हे ठरवलं होतं.” अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेलाही हे जाणवलं असावं. २००८मध्ये त्यांनी अशा मॉडेलमधल्या प्रत्येक भागाला १०० ते ५०० असे टप्पे लावले. १०० म्हणजे नुसती कल्पना, ५०० म्हणजे बांधून झालेलं, पडताळलेलं. जी गोष्ट पेन्सिल आणि शाई मुकाट्याने सांगत होती ती आता आकड्यांनी सांगावी लागते.

मोठ्यांचीही यात फजिती झालीय. एअरबसच्या ए-३८० या अजस्र विमानाचं काम २००६मध्ये लांबलं, त्याचं एक मोठं कारण असं की हॅम्बुर्गमध्ये वापरत असलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी आणि तुलूझमधली नवी. जर्मनीत तयार झालेल्या तारा फ्रान्समध्ये विमानात बसेनात, कमी पडल्या. दोन्हीकडचे नकाशे पडद्यावर सारखेच देखणे होते.

पैशांचीही एक बाजू आहे, ती थोडक्यात. रोटरिंगचं पेन एकदा घेतलं की तुमचं. सुरुवातीची सॉफ्टवेअरंही एकदा विकत घेता येत. २०१६पासून ऑटोडेस्कने सुट्ट्या प्रोग्रॅमांचे कायमचे परवाने विकणं थांबवलं, आता भाडं भरा. जुलै २०२०मध्ये ब्रिटनमधल्या झाहा हदीद आर्किटेक्ट्ससारख्या नामांकित कार्यालयांनी मिळून कंपनीला उघड पत्र लिहिलं, की भाडं वाढतंय आणि रेव्हिटमध्ये सुधारणा मात्र होत नाही. लंडनवाल्यांची ही तऱ्हा, तर चार संगणकांच्या ऑफिसचं काय? तळमजल्यावर मार्च महिन्यात जे हिशोब चालतात ते मी पाहिलेत. एका वर्षी तिने एसी बदलला नाही, परवाना भरला.

तर, मल्लेश्वरमचं घर. मी दुसऱ्या दिवशी खाली गेलो आणि तिला १९९७ची गोष्ट सांगितली. सैन्याबाहेर फार थोड्यांना सांगितलीय. तिने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. मग त्या दोन्ही मुलांना बोलावलं आणि म्हणाली, “कपाट हलवायला माणसं लागतील तर माणसं घेऊन जा. पण आज जा.”

ते गेले. मागची भिंत काटकोनात नव्हतीच. एका टोकाला सात इंच आत आलेली होती, आणि कपाटामागे वरपासून खालपर्यंत एक जुनी भेग होती. वरच्या मजल्याचा एक खांब नेमका तिथे येणार होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून खांबांची जागा बदलावी लागली. घरमालक आधी चिडले, खर्च वाढला म्हणून. मग भेग पाहिली आणि गप्प झाले.

त्यानंतर तिने ऑफिसात एक नियम केला. प्रत्येक फाइलमध्ये एक वेगळा लेयर, नाव ‘शंका’. रोमन अक्षरांत लिहिलेलं, कारण मराठी अक्षरं टाकली की दुसऱ्याच्या संगणकावर कधी कधी चौकटी दिसतात. जे मोजलेलं नाही, कोणी सांगितलंय म्हणून घेतलंय, किंवा नंतर ठरवायचंय, ते सगळं त्या लेयरवर, करड्या रंगात, आणि शेजारी दोन शब्द: कोणी घेतलं, का घेतलं. सुरुवातीला मुलं हसत. आता एकमेकांना म्हणतात, ‘हे शंकेत टाक’. तिथला एक बिहारी मुलगा ‘शंका’ हा शब्द मराठीच समजतो. मी त्याला सांगितलं, बाबा, तो तुझाही आहे.

मागच्या महिन्यात त्या घराचे कागद मंजुरीसाठी ऑनलाइन भरायचे होते. हल्ली नकाशा माणूस तपासत नाही, आधी यंत्र तपासतं. पुण्यात तयार झालेलं ऑटोडीसीआर हे त्यातलं आपल्याकडचं एक जुनं नाव. सामासिक अंतर किती, चटईक्षेत्र किती, हे यंत्र फाइल वाचून मोजतं. कल्पना चांगली आहे, टेबलाखालचे व्यवहार कमी व्हावेत म्हणून आणलेली. पण प्रत्येक ठिकाणच्या यंत्राला लेयरची ठरलेली नावंच चालतात. तिने ज्या पोर्टलवर फाइल चढवली ते कुठलं हे सांगत नाही. रात्री साडेदहाला तिचा फोन आला, “काका, जागे आहात?” मी खाली गेलो.

पडद्यावर लाल अक्षरांत ओळ होती: ‘शंका’ नावाचा लेयर यादीत नाही, फाइल नाकारली.

तिने फाइलची दुसरी प्रत केली. तिच्यातून तो लेयर काढला आणि ती चढवली. पाच मिनिटांत हिरवी खूण आली. मूळ फाइल तिने जशी होती तशी ठेवली, आणि माझ्याकडून खिशातली पेन्सिल मागून घेऊन छापील नकाशाच्या समासात आजची तारीख घातली.